पिशवीतली सुरी

गेल्या उन्हाळ कांद्याच्या हंगामात आमच्या बचत गटातल्या एका मावशींचा हात कापला. निफाड तालुक्यात कांदा निघायला लागला की आमच्याकडच्या बायांना मान वर करायला फुरसत नसते. टोळीनं जायचं, कांदा उपटायचा, पात कापायची, गोण्या भरायच्या. मावशींनी गोणीची सुतळी कापायला पिशवीतली सुरी काढली. आठवडी बाजारात वीस-तीस रुपयांना मिळते ती, पत्र्यासारखं पातळ पातं आणि गुळगुळीत प्लॅस्टिकची मूठ. सुतळीत टोक घालून त्यांनी जोर दिला. हात कांद्याच्या रसानं बुळबुळीत झालेला. सुरी जागच्या जागी राहिली आणि हातच पुढं सरकला, थेट धारेवर!

फडकं बांधून त्या संध्याकाळपर्यंत काम करत राहिल्या. रोज बुडेल ना! दुसऱ्या दिवशी टाके पडले. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आज वर्ष होत आलं तरी वळत नाही. बोट वळवणारी शीर आत तुटली होती, ती लगेच जोडून घ्यायला हवी होती, हे त्यांना महिन्यानंतर कळलं. (मैत्रिणींनो, हे मात्र लक्षात ठेवा. जखम लहान दिसली तरी बोट वळत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. हळद दाबून घरी बसू नका.)

मावशी म्हणाल्या, "माझंच चुकलं गं ताई, ध्यान नव्हतं." आपण बायका सगळ्यात आधी हेच म्हणतो. पण मी ती सुरी हातात घेऊन पाहिली तेव्हा मला वाटलं, चूक मावशींची नाहीच. बोट पुढं सरकू नये यासाठी त्या सुरीत काहीच नव्हतं. मूठ इतकी बारीक, की माझ्या हातातसुद्धा फिरत होती. आणि म्यान म्हणाल, तर वर्तमानपत्राचा कागद!

तेव्हापासून सुरी या विषयानं माझ्या डोक्यात घर केलं. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईनं लोखंडाच्या भानगडीत कशाला पडावं, असं आमच्या घरातही बोललं गेलंच.

खरं सांगायचं तर आपण विळीच्या बायका. पातं पाटाला घट्ट, पाट पायाखाली दाबलेला, आणि दोन्ही हात भाजीला मोकळे. विळीवर भाजी फिरते, पातं हलत नाही. लहानपणापासून आपल्या हातांना हीच सवय. सुरीचं नेमकं उलट. तिथं वस्तू थांबते आणि हात फिरतो. म्हणून सुरीची मूठ हाताला बसणं फार महत्त्वाचं. पण विळी काही शेतात, बाजारात, बसमध्ये नेता येत नाही. बाहेर पडलेल्या बाईला पिशवीत मावेल असं काहीतरी लागतंच. भाजीवालीला मेथीच्या जुडीचा बंद कापायचा असतो, पेरू कापून गिऱ्हाइकाला चव द्यायची असते. शेळ्या राखणारीला पाला तोडायचा असतो. अंगणवाडीतल्या ताईंना खाऊच्या गोणीचं तोंड उघडायचं असतं. माझ्यासारखीला गटाच्या कार्यक्रमात कधी दोरी, कधी बॅनर, कधी केळी. मग आपण काय करतो? दातांनी तोडतो!

जुन्या बायका आपल्यापेक्षा हुशार होत्या. माझ्या आजीच्या चंचीत पान, सुपारी, चुना, कात आणि अडकित्ता कायम असायचा. तिनं त्या अडकित्त्यानं सुपारीखेरीज काय काय कातरलं, ते आठवलं की हसू येतं. कोकणात आणि ठाणे-रायगडच्या आदिवासी पाड्यांवर कमरेच्या आकडीत कोयता अडकवून रानात जाणाऱ्या बाया आजही दिसतात. कामासाठी निघालेल्या बाईजवळ पातं असणं ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हे. नवी गोष्ट आहे ती बाजारातली ही भिकार सुरी.

तर आम्ही ठरवलं, आपल्याला हवी तशी सुरी आपणच करून घ्यायची. मिटणारी नको, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. मिटतो तो चाकू आणि मिटत नाही ती सुरी, हे माझ्या आजीचं व्याकरण. चाकूच्या खाचेत माती, कांद्याची साल, पेरूचा गर अडकतो, तो निघत नाही, बिजागरी गंजते, आणि जोर दिला की कधीकधी पातं बोटावर मिटतं. सुरी धुतली, पुसली, झालं.

आमच्या तालुक्याच्या गावाला रस्त्याच्या कडेला घिसाडी समाजाच्या एका कुटुंबाची भट्टी आहे. विळे, खुरपी, कुऱ्हाडी तेच करतात. लोहारदादा ऐरणीवर सांडशीनं लाल लोखंड धरतात आणि समोर उभ्या राहून घण घालतात त्या वहिनी. हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. आपण जाता जाता "बाई गं, काय ताकद!" म्हणतो आणि पुढं जातो.

दादांना मी कागदावर काढलेलं चित्र दाखवलं. ते बघून म्हणाले, "ताई, हे तर भाजीचं सोलाणं झालं." तरी केलं त्यांनी. लोखंड ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं. आपले विळेही बहुतेक त्याचेच असतात, कारण पाट्याचं पोलाद धार धरतं आणि चिवट असतं. पातं तीन इंचांचं, पाठीकडे दोन मिलिमीटर जाड. एवढी लांबी पुरते. जास्त लांब केलं की पिशवीत आडवं येतं, आणि हात जिथं आहे तिथून टोक दूर जातं, ताबा सुटतो.

पहिली सुरी पाण्यात गेली, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे. पोलादाला 'पाणी देणं' म्हणजे लाल तापवून एकदम थंड करणं, त्यानं ते कडक होतं. दादांनी विळ्याच्या सवयीनं पाण्यात बुडवली. पातळ पात्याला तो झटका सोसला नाही, 'टिंग' असा बारीक आवाज आला आणि धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी चीर गेली. दुसऱ्या वेळी शेंगदाण्याच्या तेलात बुडवली. तेलात पोलाद जरा सावकाश निवतं, चीर जात नाही. मी घरून जुन्या स्पीकरचा लोहचुंबक नेला होता, कारण पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं आणि त्याच्या थोडं वर पाणी द्यायचं असतं, असं वाचलं होतं. दादा हसले. म्हणाले, उन्हात रंग कळत नाही, सांज होऊ द्या. सांजेला त्यांनी नुसत्या रंगावरून "आता" म्हटलं. मी लोहचुंबक लावून बघितला, चिकटला नाही. मग मी तो मुकाट्यानं पर्समध्ये टाकला.

नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं असतं, पडलं तर तुटेल. कानस फिरवली तर नुसती घसरते. त्याला पुन्हा मंद आच द्यावी लागते. ती मी माझ्या घरच्या ओव्हनमध्ये दिली, ज्यात दिवाळीची नानकटाई होते त्याच! आधी घासून पांढरं केलेलं पातं दोनशे अंशांवर दोन तास ठेवलं. बाहेर काढलं तेव्हा गव्हाच्या काडीसारखा पिवळट रंग चढला होता. हाच रंग हवा असतो. घरभर तेलाचा वास. हे म्हणाले, "आज जेवायला काय, सुरी?"

पण मुठीचं काही जमेना. मी चित्रात छान बारीक, नाजूक मूठ काढली होती. बायकांचा हात लहान, मग मूठ बारीक, असा माझा साधा हिशेब. गटातल्या अकरा जणींचे तळवे दोऱ्यानं मोजले होते मी, सगळ्यांचे सात ते आठ सेंटिमीटर रुंद. सुरी हातात घेतली की प्रत्येकीचं म्हणणं एकच, "फिरते." दादा म्हणाले, खरखरीत करू. मी म्हटलं, दोरा गुंडाळू. वहिनी घण टेकवून उभ्या होत्या. इतके दिवस त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि मीही त्यांना काही विचारलं नव्हतं, हे कबूल करते. त्या म्हणाल्या, "बारीक मूठ जास्त आवळून धरावी लागते ताई. दिवसभरात बोटं आखडतात. जाड करा, पण गोल करू नका, अंड्यावाणी करा. गोल असली की धार कुठं आहे ते हाताला कळत नाही."

अगदी बरोबर! घणाच्या दांड्याला वर्षानुवर्षं हात लागलेली बाई ती. तिला नाही कळणार तर कुणाला? चित्र काढणाऱ्या बी.ए. बाईला?

मग मूठ झाली बाभळीची. चार इंच लांब, म्हणजे तळव्याच्या दोन्ही बाजूंना थोडी उरते. लंबगोल, मध्ये किंचित फुगलेली. पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत आरपार, दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या, त्यात तीन पितळी रिबिटा. बाजारच्या सुरीत पातं प्लॅस्टिकमध्ये जेमतेम दीड इंच घुसवलेलं असतं, म्हणून ती मोडते. आणि मूठ संपते तिथं खाली एक नाकाडं काढलं, पहिलं बोट त्याला अडतं. मावशींच्या सुरीला एवढं नाकाडं असतं तर त्यांची बोटं आज वळत असती. लाकडाला जवसाचं तेल पाजलं, कारण ते वाळून घट्ट बसतं, शेंगदाण्याचं चिकट राहतं. मुठीच्या शेवटी भोक पाडून लाल दोरी बांधली, म्हणजे कांद्याच्या पातीत पडली तरी सापडेल. टोक अणकुचीदार ठेवलं नाही, पाठ पुढं उतरती केली. गोणी उघडायला तेवढं पुरतं. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं, सत्तर ग्रॅम.

म्यानाचं मात्र फार डोकं खाल्लं. चामड्याचं करून पाहिलं, पावसाळ्यात ते ओल धरतं आणि पातं तांबेरतं. शेवटी ठिबकच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा उपयोगी आला. उकळत्या पाण्यात मऊ करायचा, दोन फळ्यांमध्ये दाबून चपटा करायचा आणि गरम असतानाच फडक्यात गुंडाळलेली सुरी आत घालून आकार घ्यायचा. (विस्तवावर धरू नका, पाइप जळला की विषारी धूर होतो.) खाली पाणी निघायला छिद्र. म्यान पिशवीच्या कप्प्याला दोरीनं बांधून टाकायचं, म्हणजे सुरी काढली तरी म्यान हरवत नाही आणि हात घातला की मूठच हाताला लागते.

आमच्या एका तरुण मुलीनं विचारलं, "काकू, रात्री क्लासवरून येताना ही जवळ ठेवली तर?" हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडलं, त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत एका राजकीय पक्षानं बायकांना छोटे चाकू वाटले होते, फोटोबिटो काढून. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. तीन इंचांचं पातं हातात घेऊन आपल्यापेक्षा ताकदवान माणसाशी झुंजायचं म्हणजे इतकं जवळ जायचं, की ते हिसकावून आपल्यावरच उलटू शकतं. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानं दिला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मुलीच्या हातात चाकू देऊन "आता तुझं तू बघ" म्हणणं, आणि रस्त्यावरचा दिवा, वेळेवर येणारी बस, ११२ ला फोन लावल्यावर हलणारी गाडी यांबद्दल गप्प बसणं, ही मला पळवाट वाटते. मी तिला सांगितलं, ही सुरी पेरू कापायला आहे. तुझ्या क्लासच्या रस्त्यावरच्या दिव्यासाठी आपण नगर परिषदेत जाऊ. गेलो. तिसऱ्या खेपेला दिवा लागला.

कायद्याचंही सांगून ठेवते, कारण बायका घाबरतात. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचे चाकू-सुऱ्या शस्त्रांत मोडतात, आणि त्यातूनही घरकामाची, शेतीची अवजारं वगळलेली आहेत. आपली तीन इंचांची सुरी त्यात येत नाही. पण सणासुदीला, निवडणुकीला, गावात तणाव असला की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली हत्यारं जवळ बाळगायला बंदीचे आदेश निघतात, त्यात सुरीसुद्धा येऊ शकते. अशा दिवसांत आणि मिरवणुकीत, सभेत ती घरीच ठेवावी. लेकीकडे विमानानं जायचं असेल तर हातातल्या पर्समध्ये चालत नाही, मोठ्या बॅगेत टाका. आणि पोलिसांनी विचारलं तर चाचरू नका. कशासाठी आहे ते सरळ सांगा.

आता मला खरं भांडायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. शेतीतली निम्मी कामं बायका करतात असं प्रत्येक भाषणात ऐकतो. निंदणी, कापणी, तोडणी, म्हणजे पातं हातात धरून करायची कामं तर जास्त करून त्यांचीच. त्यांच्या हाताचं माप घेऊन अवजार करायला हवं, हे कळायला फार उशीर झाला. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं हलका, दातेरी 'वैभव' विळा काढला. भुवनेश्वरला १९९६ पासून खास शेतकरी महिलांसाठी केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. कामं चांगली आहेत. पण आमच्या आठवडी बाजारात त्यातलं काय पोचलं? पाल टाकून बसलेल्या विक्रेत्याकडे तीच प्लॅस्टिकच्या मुठीची सुरी.

आणि ज्यांच्या हातात ही विद्या आहे, त्यांचं काय? २०२३ मध्ये केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, पाच टक्क्यांनी कर्ज. मी दोघांचे कागद घेऊन गेले. तिथं कळलं, नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक कुटुंब, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ. साहजिकच नाव दादांचं लागलं. नियमाप्रमाणे वहिनींचं लागू शकलं असतं, पण तसं कुणाच्या मनातही आलं नाही, वहिनींच्यासुद्धा. एकटा माणूस सांडशी धरून घण घालू शकत नाही. ऐरणीला दोघं लागतात आणि कागदावर एक! निदान एवढं तरी करा, की जिथं नवरा-बायको मिळून एकच धंदा करतात, तिथं दोघांनाही कारागीर म्हणून नोंदवा, कर्ज हवं तर एकच द्या. बायकोच्या नावाचं ओळखपत्र निघालं तर सरकारचं काय बिघडणार आहे?

सुरी वापरायची कशी, तेही थोडं. हे साधं पोलाद आहे, स्टीलसारखं चकचकीत राहत नाही. कांद्यानं, लिंबानं काळं पडतं. पडू द्या. ओली मात्र ठेवू नका, पुसून तेलाचं बोट फिरवा. धार बोथट झाली की आपण जोर देतो आणि जोर दिला की हात निसटतो, म्हणून बोथट सुरी जास्त कापते. घरात धार लावायचा दगड नसला तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरबरीत कड चालते. पातं अगदी आडवं नाही, अगदी उभं नाही, साधारण वीस अंशांवर, दोन्ही बाजूंनी सारखं फिरवायचं.

आतापर्यंत चौदा सुऱ्या झाल्या. एक साडेतीनशे रुपयांना पडते, त्यात म्यान आलं. "इतक्यात तर दहा येतील," असं गटातल्या अर्ध्या जणींनी म्हटलं, आणि त्यांचं चूक नाही. रोजंदारीच्या बाईला साडेतीनशे म्हणजे दिवसभराची मजुरी. म्हणून गटातून महिना पन्नास रुपयांचा हप्ता केला आहे. किंमत कमी करायला वहिनींच्या मजुरीत काटछाट करावी, अशीही सूचना आली. मी ती मांडूच दिली नाही, त्यावरून दोघी माझ्यावर रुसल्या आहेत.

मावशींनी सुरी हातात घेऊन पाहिली. वळणारी तीन बोटं मुठीभोवती बसली, दोन नुसती बाजूला राहिली. त्यांनी नाकाडाला अंगठा लावून बघितला, परत ठेवली आणि सुनेसाठी एक सांगितली. सून डावखुरी आहे. दातेरी विळ्याचे दाते एकाच बाजूनं काढलेले, त्यामुळे तिची बिचारीची पात कधी नीट कापली जात नाही, आणि टोळीत बोलणी खाते. आमच्या सुरीला धार दोन्ही बाजूंनी आहे, त्यामुळे सुरीचं भागलं. विळ्याचं काय करायचं, ते विचारायला बुधवारी भट्टीवर जायचं आहे. या वेळी आधी वहिनींना विचारणार आहे.